माहेर वगळून

बाईंना मास्तर आवडत नसत, एवढं सांगून भागायचं नाही. नावडत्या माणसाकडे आपण पाठ तरी फिरवतो. बाई मास्तरांकडे दिवसभर बघत असायच्या. काचेच्या केबिनमधून त्यांना सगळं दिसायचं. मास्तर कोणाच्या टेबलापाशी रेंगाळले, कोण हसलं, किती वेळ हसलं. आपण त्याच टेबलापाशी गेलो की लोक उठून उभे राहतात, हेही त्यांना दिसायचं. देशभराचं कार्यालय चालवणाऱ्या बाईने असल्या गोष्टींकडे लक्ष देऊ नये, असं कोणी म्हणेल. म्हणो बापडा. बाईंचं लक्ष जायचं.

कार्यालय एका परदेशी संस्थेचं होतं. काम सांगायला सोपं आणि पटवायला महाकठीण. गरीब घराच्या मोबाईलवर थेट पैसे पाठवायचे. शेळी नाही, शिलाई मशीन नाही, वर उपदेश तर मुळीच नाही. पैसे त्यांचे, डोकं त्यांचं, काय करायचं ते त्यांनी ठरवावं. ‘बदल्यात काय?’ हा पहिला प्रश्न प्रत्येक गावात यायचा, आणि ‘काही नाही’ हे उत्तर गळी उतरवताना कार्यकर्त्यांच्या तोंडाला फेस यायचा. हे सगळं बाईंनी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून उभं केलं होतं. बँका, मोबाईल कंपन्या, मंत्रालयातले ढिम्म अधिकारी, सगळ्यांचे उंबरठे झिजवले होते. आता दोन मजले होते, लिफ्ट होती, पैसे पोचले का हे विचारणाऱ्या फोनवाल्या मुलींची अख्खी खोली होती. आणि सगळं मार्गी लागल्यावर, अगदी हात धुऊन जेवायला बसावं तसे, मास्तर आले होते.

मास्तर पूर्वी खरोखरचे शाळामास्तर होते. नोकरी सोडून इकडे पाहणीच्या कामाला लागले आणि बघता बघता उपप्रमुख झाले. नव्या गावात पहिली सभा असली की बाई नियम वाचून दाखवत. मास्तर मात्र आधी विचारायचे, ‘तुमच्यात सगळ्यात संशयी कोण?’ गाव हसत हसत एकाकडे बोट दाखवायचं. मास्तर त्यालाच पुढे बसवायचे आणि म्हणायचे, आता यात फसवणूक कुठे आहे ते तुम्ही शोधायचं. तासाभरात तो संशयी माणूसच बाकीच्यांना योजना समजावून सांगायला लागायचा. मुख्यालयातल्या मोठ्या मॅडमना ही युक्ती इतकी आवडली, की त्यांनी ती सगळ्या देशांच्या कार्यालयांना पाठवली, खाली मास्तरांचं नाव घालून. बाईंनी लिहिलेले नियमही पूर्वी असेच सगळ्या देशांत गेले होते. त्यांच्याखाली कोणाचंच नाव नव्हतं.

बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव थंड होता. जेवताना मास्तरांचा विषय निघाला की तो ताटातून मान वर न करता विचारायचा, “आज काय केलं त्याने? श्वास घेतला?” बाई चिडून पाण्याचा तांब्या जरा जोरात खाली ठेवायच्या. कारण मास्तर खरोखर काहीच वाईट करत नव्हते. वेळेवर येत, मान देऊन बोलत, चूक झाली तर सगळ्यांसमोर कबूल करत. अशा माणसाचा राग काढायचा तरी कुठल्या बाजूने?

त्या वर्षी खोऱ्याची योजना निघाली. संस्थेची आजवरची सगळ्यात मोठी. खोऱ्यात गावं पुष्कळ आणि पैसे त्यातल्या काहींनाच पुरतील एवढे, म्हणून शुक्रवारी सोडत काढायची ठरली. कॉम्प्युटर सगळ्यांसमोर गावं निवडणार, म्हणजे वशिल्याचा प्रश्न नाही. फक्त सोडतीआधी एक गाळणी लागायची. कार्यालयातल्या प्रत्येकाला आपलं जन्मगाव आणि सासर-माहेर कळवावं लागे. साध्या कर्मचाऱ्याचं गाव असेल तर त्याला त्या गावाच्या कामापासून दूर ठेवत. पण प्रमुखाची सही प्रत्येक कागदावर असते, तिला दूर ठेवणार कसं? म्हणून प्रमुखाचं गाव सरळ वगळलं जायचं. हा नियम बाईंनीच लिहिला होता, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, मोठ्या अभिमानाने. बाईंचं माहेर त्याच खोऱ्यात होतं.

खडी फोडणारं गाव ते. सगळ्या गावाच्या पापण्यांवर पांढरी धूळ असायची. बाईंचा धाकटा भाऊ क्रशरवर कामाला होता आणि गेली काही वर्षं त्याचा खोकला हटत नव्हता. डॉक्टरने क्रशर सोड म्हणून सांगितलं होतं. सोडून खायचं काय, हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं. भावाच्या डोक्यात मात्र सगळं पक्कं होतं. पैसे आले तर हवेचा कॉम्प्रेसर घ्यायचा आणि रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान टाकायचं. शेजारची गावं सोडतीत आहेत आणि आपलं नाही, हे कळल्यावर त्याचा फोन आला होता. तो भांडला नाही. थोडा खोकला आणि म्हणाला, “ताई, तू तिथे नसतीस तर बरं झालं असतं गं आमचं.” बाईंनी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला, आणि त्या शांतपणाने बाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

त्यात मास्तर त्यांच्या माहेरी जाऊन आले. घरांची पाहणी सगळ्याच गावांची व्हायची, वगळलेल्यांचीसुद्धा. बाईंना कामासाठी त्या गावात पाऊल टाकायला बंदी, म्हणून गेले मास्तर. परत आले तेव्हा त्यांच्याही पापण्या पांढऱ्या होत्या. आणि त्या दिवशी आईचा फोन आला तो मास्तरपुराण सांगायलाच. काय तो माणूस! माझ्या गुडघ्याची सगळी हकिगत ऐकून घेतली, मधे एकदा घड्याळ बघितलं नाही. तू फोनवर ‘बरं, बरं’ म्हणतेस तसं नाही केलं. साधा चहासुद्धा घेतला नाही गं, तुमचा नियम आहे म्हणाला. तो नियमही आपणच लिहिलाय, हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवला.

ऑफिस त्याने बळकावलं, मुख्यालय बळकावलं, आता आईसुद्धा? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावन्न वर्षांच्या बाईला आईच्या गुडघ्यावरून पोटात दुखावं, हे त्यांचं त्यांनाच लाजिरवाणं वाटत होतं. लाज वाटली म्हणून दुखायचं थांबलं नाही.

सोमवारी सकाळी मास्तर केबिनच्या दारात उभे राहिले. जरा ओशाळलेले दिसत होते. म्हणाले, मी एक आगाऊपणा केलाय, तुमच्या गावासाठी मुख्यालयाला लिहिलंय. तुम्हाला आधी विचारलं असतं तर स्वतःच्या गावासाठी हो म्हणायला तुम्ही संकोचला असता, म्हणून न विचारता केलं. मुख्यालयाचं उत्तर बाईंच्या मेलवर येऊन पडलं होतं. अपवाद करता येईल. बाईंनी लेखी संमती द्यावी, खोऱ्याच्या कामातून पूर्ण अंग काढून घ्यावं, आणि त्या योजनेच्या सगळ्या सह्या मास्तरांनी कराव्यात. निर्णय बाईंचा.

मास्तर गेल्यावर बाई कितीतरी वेळ कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसल्या. त्यांना गावची शाळा दिसत होती. शाळेच्या पायरीवर मास्तर उभे आहेत, संशयी माणूस कोण म्हणून विचारताहेत, आणि सगळा गाव हसत हसत बाईंच्या चुलत्याकडे बोट दाखवतोय. पुढे बसलेली आई. कॉम्प्रेसर दाखवणारा भाऊ. आणि आपण? आपण कुठेच नाही. आपण शहरात, अंग काढून घेतलेल्या. संस्थेची सगळ्यात मोठी योजना मास्तरांच्या सहीने होणार आणि माहेराला मिळणार तेही मास्तरांच्या हातून. हे काही त्यांना बघवेना.

मंगळवारी त्यांनी उत्तर लिहिलं. फार सुंदर लिहिलं. प्रमुखाच्या माहेरासाठी नियम वाकवला तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला अडवायचं? गरिबांचा आपल्यावर विश्वास आहे तो आपण कोणाचेच नसल्यामुळे. माझ्या सख्ख्या भावाचं नुकसान होतंय हे माहीत असूनही मी संमती नाकारते. वाचून त्यांचेच डोळे पाणावले. एकूण एक शब्द खरा होता, फक्त लिहिण्यामागचं कारण वेगळं होतं, आणि ते पत्रात कुठेही नव्हतं.

बुधवारच्या बैठकीत मोठ्या मॅडम पडद्यावर आल्या आणि त्यांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. इतकी निःस्पृह प्रमुख मी दुसऱ्या कुठल्या देशात पाहिली नाही, म्हणाल्या. नव्या लोकांच्या प्रशिक्षणात हे पत्र ठेवणार, बाईंच्या नावासकट. इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी कान आसुसले होते ते असे अचानक कानावर आले. सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या मास्तरांनी. अगदी मनापासून वाजवल्या, आणि थांबले सगळ्यांच्या नंतर. एवढं कौतुक झालं, पण घरी येऊन बाईंनी नवऱ्याला सांगितलं ते टाळ्यांचंच. “माझ्या कौतुकात पण पुढे तोच!” नवऱ्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि बायकोकडे नीट पाहिलं. या वेळी तो थट्टा करायच्या बेतात दिसत नव्हता.

“पत्र खरंच नियमासाठी लिहिलंस ना?” त्याने विचारलं.

“म्हणजे काय?” बाई म्हणाल्या, आणि भांडी आवरायला उठल्या. भांडी अजून रिकामी झालेली नव्हती.

गुरुवारी सकाळी बाई ऑफिसात शिरतायत तोच आईचा फोन आला. आई रागाने फणफणत होती. कळलं वाटतं. पण आई बोलत होती ते भलतंच होतं.

“मेला तो मास्तर! गोड बोलून गुडघ्याची चौकशी करत होता, आणि आपलं गाव सोडतीत परत घ्यायचं चाललं होतं ते त्यानेच अडवलं. काल स्वतः तुझ्या भावाला फोन करून सांगितलंन. म्हणे बाईंनी खूप खटपट केली, पण मीच नियमावर बोट ठेवलं. वर माफी मागतोय! तू त्याला एक दिवस ठेवू नकोस त्या ऑफिसात.”

बाई जिन्यातच उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगू! आईच्या तोंडून मास्तरांचा उद्धार होत होता, आणि बाई तो घोट घोट पीत होत्या. कितीतरी दिवसांत इतकं गोड काही त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. आईने आणखी दोन शिव्या हासडल्या. बाईंनी ‘हं’ केलं. ‘हं’ म्हणजे हो नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि फोन ठेवून मास्तरांना बोलावणं धाडलं.

मास्तर आले ते चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून. तुम्ही माझ्या भावाला खोटं का सांगितलंत, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी खुर्चीची पाठ उगाच सरळ केली.

“तुमचं पत्र मुख्यालयाला समजलं, बाई. पण त्याची बातमी आज ना उद्या गावात जाणार, खडी फोडणाऱ्या माणसाला ते कसं समजणार? त्याला एवढंच दिसणार, की बहिणीने नाही म्हटलं. मी काय, परत त्या गावात जाईन न जाईन. तुम्हाला मात्र जायचंय. आई आहे तिथे तुमची.” मग ते म्हणाले, “मला नसतं जमलं तुमच्यासारखं. माझा भाऊ असा खोकत असता तर मी गुपचूप सही केली असती.”

एवढं बोलून ते फोनवाल्या मुलींच्या खोलीकडे गेले. कोणाचा तरी हेडफोन बंद पडला होता.

आता इथे एखादी बाई खजील झाली असती, तिला पश्चात्ताप झाला असता, आणि गोष्ट तिथेच गुण्यागोविंदाने संपली असती. आमच्या बाईंचं तसं नव्हतं. थोड्याफार खजील झाल्या, नाही असं नाही. पण त्याच्या कितीतरी वर उसळून आला तो मत्सर, पूर्वी कधी आला नव्हता एवढा. सभेत तो पुढे, मुख्यालयात तो पुढे, आईच्या गुडघ्यात तो पुढे. आणि आता चांगुलपणातसुद्धा? माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन हा मोठा होणार, आणि मी मुकाट्याने त्याच्या उपकाराखाली जन्म काढणार? आईच्या शिव्यासुद्धा हाच खाणार, ज्या हक्काने माझ्या आहेत? नाही. एवढं मोठेपण मी त्याला एकट्याला घेऊ द्यायची नाही.

दार लावून घेऊन त्यांनी आईला फोन लावला.

“आई, मास्तरांनी नाही अडवलं. गाव घ्या म्हणून त्यांनीच लिहिलं होतं. नाही म्हटलं ते मी.”

पलीकडे क्रशरची घरघर ऐकू येत होती.

“नियम म्हणून?” आईने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तसं म्हणणारं सुंदर पत्रही होतं.

“नाही. त्याच्या हातून तुम्हाला मिळालेलं मला बघवलं नसतं.”

“वाटलंच मला,” आई म्हणाली. आवाजात आता राग नव्हता, दमलेपणा होता. “धाकटा झाला तेव्हा तू अशीच. त्याला मांडीवर घेतलं की तू पाळण्यात जाऊन झोपायचीस. पाय बाहेर यायचे तुझे. मी म्हटलं मोठी झाली की जाईल.” मग ती म्हणाली, “रात्रभर खोकतो गं तो. मला पण बघवत नाही.”

तिने फोन ठेवला. बाई खुर्चीत बसून रडल्या. काचेची केबिन असल्यामुळे पाठ फिरवून रडल्या. रडता रडतासुद्धा मास्तर बघत तर नाहीत ना, हे त्यांनी एकदा वळून पाहून घेतलं.

मग त्यांनी मुख्यालयाला दुसरं पत्र लिहिलं. पहिल्यासारखं सुंदर नाही, चार ओळींचं. मी दिलेला नकार नियमापोटी नव्हता, उपप्रमुखांबद्दलच्या मत्सरापोटी होता. तो मागे घेते. संमती सोबत जोडली आहे. खोऱ्याच्या सगळ्या सह्या त्यांच्या. प्रशिक्षणात पत्र ठेवायचंच असेल तर दोन्ही ठेवावीत. शेवटची ओळ खोडावी असं त्यांना दोनदा वाटलं. पण मास्तर असते तर त्यांनी ती ठेवली असती, असं मनात आलं आणि त्यांनी पत्र पाठवून टाकलं.

मोठ्या मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं. अत्यंत कोरडं होतं. संमती मिळाली, गाव सोडतीत घेतलं आहे, बाकीचं पुढच्या भेटीत बोलू. कौतुकाचा एक शब्द नव्हता. मास्तरांना मात्र त्याची प्रत गेली होती, दोन्ही पत्रांसह. ते काही केबिनमध्ये आले नाहीत. जाताना काचेबाहेर क्षणभर थांबले, हात जोडावेत की काय अशा विचारात पडले, आणि न जोडताच निघून गेले. यासाठी मात्र बाईंनी त्यांचे मनातल्या मनात आभार मानले. मोठ्याने मानले असते तर घशात अडकले असते.

शुक्रवारी सोडत झाली. बैठकीची खोली माणसांनी गच्च भरली होती. खोऱ्यातल्या गावांतली माणसं आली होती, सरकारी अधिकारी आला होता, एक वार्ताहर होता. बाईंनी खोऱ्यातून अंग काढून घेतलेलं, त्यामुळे त्यांची खुर्ची मागच्या रांगेत, पंख्याखाली. एरवी मधोमध बसणाऱ्या बाईंना तिथून नुसत्या मानाच दिसत होत्या, आणि सगळ्या मानांच्या पलीकडे, पडद्याशेजारी, मास्तर. अधिकाऱ्याने बटण दाबलं. एकेक गाव पडद्यावर येऊ लागलं. ज्याचं नाव येई त्या गावची माणसं उठून उभी राहत. बाईंच्या गावचं कोणी आलेलं नव्हतं. कालपर्यंत वगळलेल्या गावचं कोण कशाला येईल? पडदा भरत आला. बाईंचा जीव वरखाली होत होता. आपण उशीर केला नाही, गाव आत आहे, मग आता लागलं नाही तर तो आपला दोष नव्हे, असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि त्याने काडीचाही धीर येत नव्हता.

शेवटून दुसरं नाव त्यांच्या माहेराचं आलं.

उभं राहायला कोणी नव्हतं, म्हणून बाईच उभ्या राहिल्या. उभं राहिल्यावर लक्षात आलं, की आपल्याला उभं राहायचा अधिकार नाही, पण आता बसणंही बरं दिसेना. सगळ्या माना मागे वळल्या. पडद्याशेजारच्या मास्तरांचा चेहरा असा फुलला होता, जसं काही त्यांच्याच माहेराचं नाव लागलंय. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. खोलीने साथ दिली. आता पहिली सभा तेच घेणार, शाळेच्या पायरीवर तेच उभे राहणार, आई पुन्हा त्यांनाच गुडघा दाखवणार. बाईंच्या पोटात कळ आली. जुनी, ओळखीची कळ. त्याच वेळी भाऊ कॉम्प्रेसरला हात लावतोय हेही त्यांना दिसलं, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला घेतल्या. हळूहळू खोली थांबली. अधिकारी थांबला, वार्ताहर थांबला. मास्तर वाजवतच होते, आणि ते थांबत नाहीत तोवर बाई थांबणार नव्हत्या.